कृषी पर्यटन : मोबाईलवरील चर्चा आणि आपल्या वाडीचे नाव

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांना निसर्गाने भरभरून दिले आहे. पश्चिमेस समुद्रकिनारा, पूर्वेस सह्याद्रीच्या रांगा, मधल्या भागात चिकूच्या वाड्या, भाताची खाचरे, ताडाची झाडे आणि वारली पाडे असा हा प्रदेश आहे. मुंबईपासून रेल्वेने सुमारे १२० कि.मी. अंतर असल्यामुळे एका दिवसाच्या सहलीसही तो सोयीचा आहे. सन २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोड स्थानकापर्यंत धावू लागल्या आणि येणे-जाणे अधिक सुलभ झाले. साहजिकच अनेक शेतकरी आपल्या वाडीत पाहुण्यांची सोय करून जोडउत्पन्न मिळविण्याचा विचार करू लागले आहेत.

या व्यवसायात पाहुणा गावात पाय ठेवण्यापूर्वीच त्याचे निम्मे मत तयार झालेले असते. ते मत आपली पाटी किंवा छापील पत्रक पाहून होत नाही, तर मोबाईलवर दुसऱ्या पर्यटकांनी काय सांगितले आहे ते वाचून होते. ही चर्चा कशी चालते, तिचा फायदा कोणता, धोका कोणता आणि शेतकऱ्याने कोणती तयारी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

पर्यटक सहल कशी ठरवतो?

पूर्वी सहलीचे ठिकाण ठरविताना लोक नातेवाइकांना विचारीत, वर्तमानपत्रातील प्रवासवर्णन वाचीत किंवा सहल कंपनीच्या कार्यालयात जात. सन २००० च्या सुमारास प्रवाशांनीच प्रवाशांसाठी अभिप्राय लिहावेत अशी संकेतस्थळे सुरू झाली. त्यानंतर फेसबुक (२००४), यूट्यूब (२००५), व्हॉट्सअ‍ॅप (२००९) आणि इन्स्टाग्राम (२०१०) ही माध्यमे आली. त्यांवर भटकंतीची आवड असणाऱ्यांचे हजारो समूह तयार झाले आहेत. या समूहांतून सहल साधारणपणे पाच टप्प्यांत ठरते.

१. पाहणे : एखादे छायाचित्र किंवा अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पाहून जाण्याची इच्छा होते.

२. विचारणे : "लहान मुले व आजी बरोबर आहेत, डहाणूकडे कोठे राहावे?" असा प्रश्न समूहात टाकला जातो. जाऊन आलेले सदस्य उत्तरे देतात.

३. पडताळणे : सुचविलेल्या ठिकाणाचे नाव नकाशावर शोधून तेथील अभिप्राय वाचले जातात. बरेच लोक चांगल्या अभिप्रायांपेक्षा नाराजीचे अभिप्राय आधी वाचतात.

४. येणे : फोन करून दर विचारतात, जागा राखून ठेवतात व प्रत्यक्ष येतात.

५. सांगणे : परत गेल्यावर, कित्येकदा वाडीत असतानाच, आपला अनुभव समूहात टाकतात. त्यावरून पुढच्या पाहुण्याचा पहिला टप्पा सुरू होतो.

हे आपल्याला नवीन नाही. नवीन वाणाचे बियाणे घेताना आपण दुकानातील जाहिरातीवर विसंबत नाही. शेजारच्या गावात कोणी ते लावले आहे का, शेंग कशी भरली, रोग किती आला, हे बांधावर जाऊन विचारतो. पर्यटकही तेच करतो. फरक इतकाच की त्याचा बांध मोबाईलमध्ये आहे आणि त्या बांधावर एकाच वेळी हजारो लोक उभे असतात.

लहान शेतकऱ्यास होणारा फायदा

जाहिरातीसाठी पैसा नसलेल्या शेतकऱ्यास ही पद्धत उपकारक आहे. स्वच्छ खोली, साधे पण चवदार जेवण आणि आपुलकीची वागणूक असेल तर पाच-दहा समाधानी कुटुंबे आपोआप त्याचे नाव पुढे नेतात. बोर्डी, घोलवड ही किनाऱ्यावरील नावे पर्यटकांना पूर्वीपासून ठाऊक आहेत. डहाणू घोलवड चिकूस सन २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बोर्डी येथे सन २०१३ पासून चिकू महोत्सव भरू लागला आणि त्याची छायाचित्रे मोबाईलवरून दूरवर गेली. त्यामुळे चिकूची चिप्स, पावडर, लोणचे असे पदार्थ शहरातील ग्राहकांच्या ओळखीचे झाले. अशी ओळख आतल्या भागातील रानशेतसारख्या गावांनाही मिळू शकते.

अकोले तालुक्यातील पुरुषवाडी या आदिवासी गावाचे उदाहरण येथे उपयोगी आहे. काजव्यांच्या हंगामात, म्हणजे मे अखेरीपासून जूनपर्यंत, तेथे शहरातून पाहुणे येतात. त्यांची राहण्या-जेवण्याची व्यवस्था गावातील घरांतच केली जाते. त्यामुळे पैसा एकाच मोठ्या हॉटेलात न जाता अनेक कुटुंबांत वाटला जातो. आपल्या जिल्ह्यात जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथेही याच धर्तीवर काम झाले आहे. दोन्ही ठिकाणी पाहुण्यास दाखविण्यासाठी नवे काही उभारावे लागले नाही. गावाचे रोजचे जीवन हेच आकर्षण ठरले.

एकाच वेळी गर्दी लोटण्याचा धोका

या माध्यमाची दुसरी बाजूही नीट समजून घ्यावी. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात हॅमिल्टन शहराजवळ एका शेतकरी कुटुंबाने जुलै २०१८ मध्ये आपले सूर्यफुलाचे शेत थोडे शुल्क आकारून लोकांना पाहण्यास खुले केले. फुलांची छायाचित्रे इन्स्टाग्रामवर पसरली. आठ-दहा दिवसांतच एका शनिवारी एवढ्या मोटारी आल्या की रस्ता बंद पडला. लोक पिकात शिरले, झाडे तुडविली गेली. पोलिसांना बोलवावे लागले आणि त्या कुटुंबाने शेत लोकांसाठी कायमचे बंद केले. पीक उत्तम होते, दरही माफक होता. येणाऱ्यांची संख्या मात्र आधी ठरविलेली नव्हती.

महाराष्ट्रातील कास पठाराचा समावेश सन २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा स्थळांत झाला. फुलांच्या हंगामात तेथे इतकी गर्दी होऊ लागली की रोजची संख्या मर्यादित करून आगाऊ नोंदणीची पद्धत आणावी लागली. रायगड जिल्ह्यातील देवकुंड धबधबा मोबाईलवरील छायाचित्रांमुळे प्रसिद्धीस आला. तेथे बुडून मृत्यू झाल्यामुळे पावसाळ्यात प्रवेशबंदीचे आदेश काढावे लागले. माणगाव तालुक्यातील कुंभे धबधब्याजवळ जुलै २०२४ मध्ये चित्रफीत घेण्यासाठी गेलेल्या एका तरुण प्रवासी महिलेचा दरीत पडून मृत्यू झाला.

असे का होते? छायाचित्रात फूल, पाणी व डोंगर दिसतात. वाट किती अरुंद आहे, विहिरीत पाणी किती आहे, शौचालये किती आहेत, हे त्यात दिसत नाही. तेच छायाचित्र हजारो लोक एकाच आठवड्यात पाहतात आणि सर्वांना सुट्टी शनिवार-रविवारीच असते. म्हणजे वर्षभरात विभागून यावयाचे पाहुणे दोन दिवसांत येतात. पाऊस मोसमभर पडला तर पीक येते, पण तेवढाच पाऊस एका रात्रीत पडला तर बांध फुटतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणून पाऊस येण्यापूर्वी ज्याप्रमाणे बांधबंदिस्ती करतो, त्याप्रमाणे प्रसिद्धी होण्यापूर्वी पाहुण्यांची मर्यादा ठरवून ठेवावी. ज्या गावांचे नाव अजून फारसे पसरलेले नाही, त्यांना हे करण्यास आज वेळ आहे.

आपल्या वाडीची क्षमता कशी ठरवावी?

१. पाणी : ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. शहरातील माणसाची सवय याहून अधिक पाण्याची असते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटर हे प्रमाण धरतात. म्हणजे मुक्कामी १० पाहुण्यांना दररोज सुमारे १,३५० लिटर पाणी लागेल. हा हिशेब एप्रिल-मे महिन्यांतील विहिरीच्या पातळीवर करावा, ऑगस्टमधील पातळीवर नव्हे.

२. झाडांची मुळे : चिकूची लागवड साधारणपणे १० x १० मीटर अंतरावर असते. मधली जागा मोकळी दिसते म्हणून तेथे मोटारी उभ्या करू देऊ नयेत. चिकूची अन्न घेणारी मुळे बरीचशी जमिनीच्या वरच्या थरात असतात. चाकांच्या दाबाने, विशेषतः जमीन ओली असताना, माती घट्ट होते, हवा व पाणी खेळत नाही आणि झाड हळूहळू खंगते. वाहनतळ वाडीच्या बाहेर, वरकस किंवा मुरमाड जागेवर करावा. तेथे जेवढ्या गाड्या मावतील तेवढेच पाहुणे घ्यावेत.

३. फवारणी : चिकूवरील कळी पोखरणारी अळी, बी पोखरणारी अळी किंवा पावसाळ्यातील फळगळ यांसाठी ज्या आठवड्यात फवारणी करावयाची असेल, त्या आठवड्यात पाहुणे घेऊ नयेत. औषधाच्या डब्यावर दिलेला प्रतीक्षा काळ संपेपर्यंत त्या झाडाचे फळ कोणास खाऊ देऊ नये.

४. घरातील माणसे : स्वयंपाकाचा भार बहुधा घरातील स्त्रियांवर पडतो. भात लावणी व कापणीच्या दिवसांत त्यांना शेतातही जावे लागते. म्हणून पाहुण्यांची संख्या त्यांना विचारून ठरवावी.

हिशेब करून पाहावा

समजा, रानशेत येथील एका शेतकऱ्याने एका शनिवार-रविवारी ८ पाहुणे घेतले आणि जेवणासह माणशी १,५०० रुपये दर ठेवला. जमा १२,००० रुपये झाली. शिधा माणशी ४५० रुपयांप्रमाणे ३,६०० रुपये, दोन मदतनिसांची दोन दिवसांची मजुरी ४०० रुपयांप्रमाणे १,६०० रुपये आणि गॅस, वीज, धुलाई व सफाई १,००० रुपये, असा ६,२०० रुपये खर्च झाला. शिल्लक ५,८०० रुपये राहिली.

आता चित्रफीत गाजली म्हणून त्याने १६ पाहुणे घेतले. जमा २४,००० रुपये झाली. परंतु शिधा ७,२०० रुपये, चार मदतनिसांची मजुरी ३,२०० रुपये, पाण्याचा टँकर २,५०० रुपये, भाड्याने आणलेल्या गाद्या, मांडव व तात्पुरते शौचालय ४,००० रुपये आणि इतर २,००० रुपये, असा खर्च १८,९०० रुपयांवर गेला. शिल्लक ५,१०० रुपयेच राहिली. पाहुणे दुप्पट झाले पण हाती आलेला पैसा कमी झाला. शिवाय रांगेत उभे राहावे लागल्याने पाहुणे नाराज होऊन गेले, ते वेगळेच. हे आकडे केवळ समजुतीसाठी गृहीत धरले आहेत. आपल्या गावातील दर घालून प्रत्येकाने आपला हिशेब मांडावा.

माहिती कशी द्यावी?

नाराजीचे अभिप्राय बहुतेक वेळा सोय कमी असल्यामुळे येत नाहीत. सांगितले एक आणि मिळाले दुसरे, यामुळे ते येतात. चिकूचेच उदाहरण घ्या. शहरातील पाहुण्यास झाडावरून तोडून लगेच चिकू खावयाचा असतो. परंतु चिकू झाडावर खाण्याजोगा पिकत नाही. पक्व फळ तोडल्यावर पिकण्यास साधारणपणे पाच ते सात दिवस लागतात. ही गोष्ट आधी न सांगितल्यास पाहुणा तुरट, चिकट फळ चाखतो आणि "चिकू बेचव आहे" असे लिहून टाकतो. म्हणून पाहुण्यांसाठी आठवडाभर आधी तोडलेली फळे पिकवून तयार ठेवावीत. सालीवरील खरबरीत भुकटी निघून गेली आणि नखाने ओरखडल्यावर आत हिरव्याऐवजी पिवळसर रंग दिसला की फळ पक्व झाले, हे झेल्याने फळ काढून दाखवावे. तोडलेले फळ घरी नेऊन कसे पिकवावे तेही सांगावे. ज्या पाहुण्यास हे ज्ञान मिळते तो त्याविषयी आवर्जून लिहितो.

मोबाईलवर माहिती देताना पुढील बाबी पाळाव्यात.

१. छायाचित्रे आपल्याच वाडीची व चालू हंगामातील असावीत. पावसाळ्यातील हिरवागार डोंगर एप्रिलमधील पाहुण्यास दाखवू नये.

२. नकाशावरील खूण घराच्या फाटकावर लावावी. ती भलत्या जागी असल्यास पाहुण्याची गाडी शेजाऱ्याच्या शेतात शिरते. नकाशावर व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते.

३. दर, जेवणातील पदार्थ, शौचालयाचा प्रकार, वीज जाण्याची शक्यता, मोबाईलला लहर मिळते की नाही आणि शेवटचा रस्ता कच्चा आहे की पक्का, हे स्पष्ट लिहावे.

४. काय मिळणार नाही तेही लिहावे. उदाहरणार्थ, "येथे वातानुकूलित खोली नाही. मद्यपान व मोठ्या आवाजातील गाणी चालणार नाहीत. एका वेळी ८ पाहुणेच घेतो. आगाऊ नोंदणीशिवाय येऊ नये."

५. महिन्याप्रमाणे काय पाहावयास मिळेल याची यादी द्यावी. जून अखेर ते जुलै भात लावणी व रानभाज्या, ऑक्टोबर-नोव्हेंबर भात कापणी व झोडणी, हिवाळ्यात चिकूची तोडणी व ढोबळी मिरचीसारखी भाजीपाला पिके, उन्हाळ्यात ताडगोळे, चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढे येथील महालक्ष्मीची यात्रा, अशी ती असू शकते. यात्रेच्या दिवसांत रस्त्यावर गर्दी असते, हेही त्यात नमूद करावे.

अशा यादीचा आणखी एक लाभ आहे. एकाच चित्रामागे धावणारी गर्दी वर्षभरात विभागली जाते.

अभिप्रायांची निगा

पीक उगवल्यावर आपण त्याकडे रोज पाहतो. अभिप्रायांकडे आठवड्यातून एकदा तरी पाहावे. घरातील शिकलेल्या मुला-मुलीकडे हे काम सोपवावे.

पाहुणा निघताना, "काही कमी पडले असेल तर आम्हांस सांगा, आवडले असेल तर इतरांस सांगा" असे म्हणावे. चांगल्या अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देऊ नये. तसे करणे बहुतेक माध्यमांच्या नियमांत बसत नाही आणि जाणकार वाचकास ते ओळखूही येते. नातेवाइकांकडून खोटी स्तुती लिहवून घेणे हे तर अधिकच वाईट. ऑनलाईन अभिप्राय खरे असावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोने सन २०२२ मध्ये आय.एस. १९००० हे मानकही प्रसिद्ध केले आहे.

नाराजीचा अभिप्राय आल्यास रागाने उत्तर देऊ नये. दुसऱ्या दिवशी शांतपणे तीन गोष्टी लिहाव्यात. काय घडले, आपण काय सुधारले आणि पुढे काय काळजी घेऊ. उदाहरणार्थ, "त्या रात्री वीज चार तास नव्हती, त्यामुळे आपली गैरसोय झाली. आता दोन सौर दिवे बसविले आहेत. वीज जाण्याची शक्यता आम्ही माहितीतही नमूद केली आहे." हे उत्तर तक्रार करणाऱ्यासाठी जेवढे असते, त्याहून अधिक ते पुढे वाचणाऱ्या शेकडो लोकांसाठी असते. तक्रार खोटी असेल तर पुराव्यासह तसे सभ्य शब्दांत लिहावे व संबंधित माध्यमाकडे कळवावे. "पैसे कमी करा, नाहीतर वाईट लिहीन" असे कोणी म्हटल्यास नमते घेऊ नये. एकदा नमते घेतल्यास तसे करणारे पुन्हा येतात.

"आमचे अनुयायी खूप आहेत, फुकट राहू द्या, प्रसिद्धी देतो" असे सांगणारेही येतील. त्यांना होकार देण्यापूर्वी किती माणसे, किती दिवस, कोणती चित्रफीत आणि कोणत्या ठिकाणाचे चित्रीकरण करावयाचे नाही, हे लेखी ठरवावे. पाहुण्यांची कमाल संख्या व आगाऊ नोंदणीची अट चित्रफितीतच सांगण्याचा आग्रह धरावा. मोबदला घेऊन केलेली प्रसिद्धी तशी असल्याचे जाहीर करावे, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेचे सन २०२१ पासूनचे मार्गदर्शन आहे.

नोंदणी व पैशांचे व्यवहार

ऑनलाईन नोंदणी घेणारे मध्यस्थ पाहुणे मिळवून देतात आणि त्याबद्दल दलाली घेतात. वरील ८ पाहुण्यांच्या हिशेबात दलाली शेकडा २० धरल्यास २,४०० रुपये जातील आणि शिल्लक ५,८०० ऐवजी ३,४०० रुपये राहील. बाजार समितीत आडत, हमाली, तोलाई विचारतो तसे येथेही करार करण्यापूर्वी दलाली किती, पैसे किती दिवसांनी मिळतात आणि रद्द झालेल्या नोंदणीचे काय, हे विचारावे. सुरुवातीस मध्यस्थाची मदत घेण्यास हरकत नाही. परंतु आलेल्या पाहुण्यांचे नाव व फोन क्रमांक त्यांच्या संमतीने आपल्या वहीत लिहून ठेवावेत. दुसऱ्या वेळी ते थेट आपल्याकडे यावेत असा प्रयत्न असावा.

आगाऊ रक्कम घेतानाही सावध राहावे. पैसे मिळविण्यासाठी आपल्याला कधीही पिन क्रमांक टाकावा लागत नाही. "आगाऊ रक्कम पाठवितो, हा चौकोनी संकेत स्कॅन करून पिन टाका" असे कोणी सांगितल्यास तो फसविणारा आहे असे समजावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

गावाने एकत्र बसून ठरवावे

पर्यटक एका शेतकऱ्याकडे येतो, पण पाहतो सारे गाव. म्हणून काही निर्णय एकट्याने न घेता ग्रामसभेत घ्यावेत.

१. छायाचित्रण : घरे, स्त्रिया व लहान मुले यांची छायाचित्रे संमतीशिवाय घेऊ नयेत, असा फलक लावावा. देवस्थाने, लग्नविधी व अंत्यविधी यांबाबत पाड्यातील ज्येष्ठांचे म्हणणे अंतिम मानावे.

२. वारली कला : वारली चित्रकलेस सन २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ही कला जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे हे आपल्याच डहाणू तालुक्यातील. त्यांना सन २०११ मध्ये पद्मश्री मिळाली व सन २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. पाहुण्यास चित्र शिकवावयाचे असेल तर कलाकारास तासाप्रमाणे मानधन द्यावे आणि चित्राखाली त्याचे नाव असावे. तारपा नाच हा सणाचा व आनंदाचा नाच आहे. कोणी गाडीतून उतरला की नाचावे, अशी पाळी आणू नये.

३. जागांची प्रसिद्धी : गावातील कोणती जागा मोबाईलवर दाखवावी व कोणती दाखवू नये, हे ठरवावे. अमेरिकेतील जॅक्सन होल येथील पर्यटन मंडळाने सन २०१८ मध्ये पर्यटकांना छायाचित्रासोबत नेमकी जागा नोंदवू नये, असे आवाहन केले होते. पिण्याच्या पाण्याचा झरा, देवराई, खोल डोह या जागा अशा यादीत घालाव्यात.

४. कचरा व निधी : प्रत्येक पाहुण्यामागे ठरावीक रक्कम गावनिधीत जमा करावी व तीतून सफाई व रस्त्याचे काम करावे. ज्या घरी पाहुणे उतरत नाहीत त्यांनाही भाजी, तांदूळ, ताडगोळे पुरविण्याचे काम वाटून द्यावे.

५. जमीन : गावाचे नाव झाले की बाहेरचे लोक जमीन मागावयास येतात. "तुमची जागा, आमचे भांडवल" असे सांगून कागदावर अंगठा घेतला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीस विकणे, गहाण ठेवणे किंवा भाडेपट्ट्याने देणे सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो तलाठी व ग्रामसभेस दाखवावा. पाहुण्यांपासून मिळणारे उत्पन्न जमीन आपल्या ताब्यात असेपर्यंतच आपले आहे.

शासकीय नोंदणी

महाराष्ट्र शासनाने सन २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानुसार किमान १ एकर शेतजमीन असलेल्या शेतकऱ्यास पर्यटन संचालनालयाकडे आपल्या केंद्राची नोंदणी करता येते. नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आपल्या मोबाईलवरील माहितीत लिहावा. अनोळखी पाहुण्याचा विश्वास त्यामुळे वाढतो. डहाणू तालुका सन १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झालेला असल्याने कोणतेही नवीन बांधकाम करण्यापूर्वी तहसील कार्यालयात चौकशी करावी. चिकू व इतर फळांवर प्रक्रिया करण्याच्या माहितीसाठी कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.

थोडक्यात सांगावयाचे तर, मोबाईलवरील चर्चा आपल्या हाती नाही, पण ती ज्यावरून होते त्या गोष्टी आपल्या हाती आहेत. या हंगामात पुढील पाच कामे करावीत. एप्रिलमधील पाणी मोजावे. त्यावरून पाहुण्यांची संख्या ठरवून ती लिहून लावावी. खरी माहिती व चालू हंगामाची छायाचित्रे द्यावीत. नोंदणीची वही स्वतः ठेवावी. आणि ग्रामसभेत पर्यटनाचा विषय मांडावा. शेतीस जोड म्हणून पर्यटन करावे, पर्यटनासाठी शेती सोडू नये. पाहुणा येतो तो हिरवी वाडी व तीत राबणारी माणसे पाहण्यासाठी. ती वाडी चांगली राखली तर पुढील वर्षीही पाहुणा येईल, आणि एखाद्या वर्षी न आला तरी चिकूचे उत्पन्न आपल्या हाती राहील.